पोटमाळ्यावरचं घड्याळ

महागडं यांत्रिक घड्याळ निवडताना लोक सोनं बघतात, नाव बघतात. तुम्ही ‘एल प्रिमेरो’चा इतिहास बघा. झेनिथचं १९६९चं हे यंत्र तासाला ३६,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला दहा. म्हणून सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. पुढे क्वार्ट्झची लाट आली. १९७५ मध्ये अमेरिकी मालकांनी अवजारं भंगारात काढायला सांगितली. शार्ल व्हेर्मो या कारागिराने ती ल लोक्लच्या कारखान्यात पोटमाळ्यावर लपवली, आणि कुठलं अवजार कशासाठी, हेही लिहून ठेवलं. (तुमची प्रयोगवही आठवली ना? मला तरी अवजारांपेक्षा ती टिपणंच मोलाची वाटतात.) १९८०च्या दशकात उत्पादन पुन्हा सुरू झालं ते याच जोरावर. १९८८ मध्ये रोलेक्सने हेच यंत्र, ठोके २८,८०० वर आणून, आपल्या डेटोनात बसवलं.