हॉटेल-व्यवस्थापकांचा सीमापार प्रवेश, उत्तर अमेरिकेतील

कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व मेक्सिको या तीन देशांच्या नागरिकांना ठरावीक व्यवसायांत काम करण्यासाठी एकमेकांच्या देशात तात्पुरता प्रवेश देण्याची जी करारबद्ध पद्धती आहे, तिच्यातील हॉटेल-व्यवस्थापकांना लागू होणारा भाग. संयुक्त संस्थानांत हा प्रवेश ‘टी-एन’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. १९९४ च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराने (नाफ्टा) ही पद्धती तिन्ही देशांना लागू केली आणि १ जुलै २०२० पासून तिच्या जागी आलेल्या नव्या करारातही ती कायम राहिली. वैद्य, अभियंता, लेखापाल यांच्या पंक्तीत हॉटेल-व्यवस्थापकाला स्थान मिळणे, ही या इतिहासातील लक्षणीय घटना होय. कारण पिढ्यान्पिढ्या उमेदवारीने शिकला जाणारा हा धंदा शैक्षणिक प्रमाणपत्राच्या आधारावर ‘व्यवसाय’ ठरला आणि त्याच प्रमाणपत्रामुळे काहींना दार उघडले, तर काहींना ते बंद झाले.

पूर्वेतिहास : परक्या देशातील नोकरी आधी ठरवून तेथे जाणे ही आज प्रवेशाची मुख्य अट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संयुक्त संस्थानांत नेमकी उलट स्थिती होती. १८८५ च्या कंत्राटी मजूर अधिनियमाने परदेशात आगाऊ करार करून मजूर आणण्यास बंदी घातली. स्वस्त परकी मजूर आणून स्थानिक कामगारांचे वेतन पाडले जाऊ नये, असा त्यामागील हेतू होता. त्यामुळे बंदरावर उतरणाऱ्याने नोकरी ठरल्याचे सांगितले, तर तेच त्याला परत पाठविण्याचे कारण होऊ शके. नट, गायक, व्याख्याते व घरगुती नोकर यांना अधिनियमातून सूट होती. १८९१ मध्ये धर्मोपदेशक, प्राध्यापक व मान्यताप्राप्त व्यवसायांतील व्यक्ती यांनाही ती देण्यात आली. शारीरिक श्रम करणारा आणि व्यवसायी यांत कायद्याने केलेला हा भेद पुढील सर्व व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

कॅनडाच्या सीमेवर हा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला. नायगारा नदीच्या दोन्ही तीरांवर नायगारा फॉल्स याच नावाची दोन शहरे असून धबधबा पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांवर तेथील हॉटेलांचा धंदा चालतो. एका तीरावर राहून दुसऱ्या तीरावर कामास जाण्याची तेथे वहिवाट होती. १९२४ च्या अधिनियमाने ‘कामकाजासाठी तात्पुरत्या’ येणाऱ्यास स्थलांतरित न मानण्याची सवलत दिली होती. परंतु मजुरीसाठी येणे या सवलतीत बसत नाही, असा आदेश १९२७ मध्ये निघाला. नदी ओलांडून कामास जाणाऱ्या दोन कॅनडावासीयांनी त्याविरुद्ध १७९४ च्या जे तहाचा आधार घेतला. या तहाने ब्रिटिश प्रजाजनांना सीमा ओलांडण्याची मुभा दिलेली होती. तथापि ती मुभा १८१२ च्या युद्धाने संपुष्टात आली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९२९ मध्ये दिला. शेजारधर्मावर चाललेली वहिवाट अशा रीतीने कागदपत्रांच्या कक्षेत आली.

१९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व अधिनियमाने कंत्राटी मजुरांवरील जुनी बंदी रद्द झाली व तात्पुरत्या परदेशीय कामगारांचे वर्ग निर्माण झाले. १९७० मध्ये एकाच कंपनीच्या परदेशी शाखेतील व्यवस्थापकांच्या बदलीसाठी स्वतंत्र वर्ग करण्यात आला. अनेक देशांत हॉटेले चालविणाऱ्या मोठ्या कंपन्यांना तो उपयुक्त ठरला. स्वतंत्रपणे नोकरी शोधणाऱ्या व्यवस्थापकाला मात्र त्याचा लाभ नव्हता.

व्यवसायाची घडण : हॉटेल चालविणे ही शिकविण्याची विद्या आहे, ही कल्पना तुलनेने अर्वाचीन आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १८९३ साली हॉटेलशिक्षणाची शाळा स्थापन झाली. संयुक्त संस्थानांत कॉर्नेल विद्यापीठाने हॉटेलमालकांच्या संघटनेच्या साहाय्याने १९२२ मध्ये हॉटेल-प्रशासनाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला व त्याची धुरा हॉवर्ड मीक यांनी सांभाळली. लेखापद्धती, अन्नशास्त्र, इमारतीची यंत्रसामग्री व कर्मचारी-व्यवस्था या विषयांचा पद्धतशीर अभ्यास केलेला पदवीधर आणि स्वागतकक्षापासून चढत आलेला अनुभवी कर्मचारी असे दोन प्रकारचे व्यवस्थापक त्यानंतर हॉटेलांतून एकत्र दिसू लागले. करार करताना या दोघांपैकी कोणाला व्यवसायी मानावयाचे, हा प्रश्न पुढे टळणारा नव्हता.

करार : कॅनडा व संयुक्त संस्थाने यांच्यातील मुक्त व्यापार करारावर २ जानेवारी १९८८ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ जानेवारी १९८९ पासून तो अंमलात आला. वस्तूंबरोबर सेवांचाही व्यापार खुला करावयाचा, तर सेवा देणाऱ्या माणसांनाही सीमा ओलांडता आली पाहिजे, या विचाराने त्यात व्यावसायिकांच्या तात्पुरत्या प्रवेशाचे प्रकरण घालण्यात आले. मेक्सिकोच्या समावेशानंतर १ जानेवारी १९९४ पासून नाफ्टा सुरू झाला. त्याच्या परिशिष्टात साठांहून अधिक व्यवसायांची यादी असून तीत हॉटेल-व्यवस्थापकाचा समावेश आहे. स्थानिक उमेदवार उपलब्ध नसल्याचे सिद्ध करण्याची अट या यादीतील व्यवसायांना लावण्यात आली नाही. तीन देशांना मात्र समान वागणूक मिळाली नाही. मेक्सिकोच्या नागरिकांसाठी संयुक्त संस्थानांनी वर्षाला ५,५०० ची मर्यादा ठेवली आणि मालकाने आगाऊ अर्ज करण्याचे बंधन घातले. ही दोन्ही बंधने १ जानेवारी २००४ पासून दूर झाली.

पात्रता : उमेदवाराकडे हॉटेल अथवा उपाहारगृह व्यवस्थापनातील पदवी असावी लागते, किंवा त्याच विषयातील पदविका अथवा प्रमाणपत्र आणि त्याशिवाय तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. केवळ अनुभव, तो कितीही दीर्घ असला तरी, पुरेसा मानला जात नाही. दुसऱ्या पर्यायातील पदविकेची व्याख्याही काटेकोर आहे. ती किमान दोन वर्षांच्या उच्च शिक्षणानंतर कॅनडा वा संयुक्त संस्थानांतील मान्य संस्थेने दिलेली असावी लागते. प्रमाणपत्राच्या बाबतीत ते मेक्सिकोतील शासनाने वा मान्य संस्थेने दिलेले असावे लागते.

या व्याख्येचा परिणाम भारतातून गेलेल्यांवरही होतो. मुंबईत दादर येथे १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने खाद्यपेयव्यवस्था व हॉटेल-व्यवस्थापन शिकविणारी संस्था स्थापन झाली. तेथील व तिच्या धर्तीवर निघालेल्या इतर संस्थांतील पदविकाधारक देशोदेशींच्या हॉटेलांत कामास गेले. असा पदविकाधारक कॅनडात स्थायिक झाला, तरी केवळ निवासाच्या हक्कावर त्याला या करारान्वये संयुक्त संस्थानांत जाता येत नाही. कारण ही सवलत फक्त नागरिकांना आहे. नागरिकत्व मिळाल्यावरही भारतीय पदविका कराराच्या व्याख्येत बसत नाही. पदवीला मात्र देशाचे बंधन नाही. भारतीय पदवीची समकक्षता तज्ञ संस्थेकडून प्रमाणित करून घेता येते. एकाच विषयाच्या पदविका व पदवी यांतील हे अंतर सीमेवर निर्णायक ठरते.

अर्जाची कार्यपद्धती : कॅनडाच्या नागरिकाला संयुक्त संस्थानांत जाण्यासाठी व्हिसा काढावा लागत नाही. तो सीमेवरील नाक्यावर, किंवा अमेरिकी अधिकाऱ्यांची पूर्वतपासणी असलेल्या कॅनडातील विमानतळावर अर्ज करतो आणि निर्णय बहुधा त्याच वेळी होतो. मेक्सिकोच्या नागरिकाला आधी अमेरिकी वकिलातीत मुलाखत देऊन व्हिसा घ्यावा लागतो. दोघांनाही नागरिकत्वाचा पुरावा, पदवी वा पदविका आणि मालकाचे पत्र सादर करावे लागते. या पत्रात कामाचे स्वरूप, हेतू, मुदत, वेतन व उमेदवाराची पात्रता यांचा उल्लेख आवश्यक असतो. पदविकाधारकाला पूर्वीच्या मालकांची अनुभवपत्रेही जोडावी लागतात. उलट दिशेने कॅनडात जाणाऱ्या नागरिकांनाही याच यादीनुसार कामाचा परवाना मिळतो.

पदाचे नाव आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसणे हा या अर्जातील कळीचा मुद्दा आहे. हॉटेलांत स्वागतकक्ष, खानपान, गृहव्यवस्था अशा प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला व्यवस्थापक म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे उमेदवार खरोखर व्यवस्थापन करणार, की व्यवस्थापकाच्या नावाखाली पर्यवेक्षकाचे अथवा वाढप्याचे काम करणार, हे अधिकाऱ्याला मालकाच्या पत्रावरून ठरवावे लागते. मोघम पत्रामुळे पात्र उमेदवारही नाकारला जाऊ शकतो. स्वतःच्या मालकीचे हॉटेल चालविण्यास हा प्रवेश उपयोगी पडत नाही. गुंतवणूकदारांसाठी करारात वेगळा वर्ग आहे. प्रवेशामुळे चालू कामगार-तंट्याच्या मिटवणुकीस बाधा येत असेल, तर तो नाकारण्याचा अधिकार राष्ट्रांनी राखून ठेवला आहे. संप मोडण्यासाठी शेजारच्या देशातून माणसे आणली जाऊ नयेत, ही १८८५ च्या अधिनियमामागील चिंता या कलमात अंशतः टिकून राहिली आहे.

मुदत व मर्यादा : प्रारंभी एका वेळी एक वर्षाचा प्रवेश मिळे, ऑक्टोबर २००८ मध्ये ही मुदत तीन वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. मुदतवाढ किती वेळा घ्यावी याला संख्येची मर्यादा नाही. परंतु वास्तव्य तात्पुरते असल्याचे प्रत्येक वेळी दाखवावे लागते. परिणामी वर्षानुवर्षे त्याच हॉटेलात काम करणारा व्यवस्थापकही कायद्याच्या दृष्टीने पाहुणाच राहतो. त्याच्या पतीला अथवा पत्नीला व मुलांना सोबत राहता व शिकता येते, पण नोकरी करता येत नाही.

३० नोव्हेंबर २०१८ रोजी तिन्ही राष्ट्रांनी नव्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. व्यापाराच्या अनेक तरतुदी त्यात बदलल्या, तरी व्यवसायांची यादी जवळजवळ तशीच राहिली. त्याच हॉटेलातील आचारी, खोल्या आवरणारे व वाढपी यांना या यादीत स्थान नाही. हंगामी कामासाठी त्यांना वेगळ्या वर्गातून यावे लागते. त्या वर्गावर १९९० च्या अधिनियमाने वर्षाला ६६,००० ची मर्यादा घातली असून स्थानिक कामगार मिळत नसल्याचे मालकाला दाखवावे लागते. हॉटेलच्या एकाच छपराखाली काम करणाऱ्यांपैकी ज्याच्या विद्येला कागदाचा आधार आहे, त्याला सीमा सुलभ झाली. ज्याची विद्या हातात व अनुभवात आहे, त्याच्यासाठी ती पूर्वीइतकीच कठीण राहिली.