कापसावरची काळी धूळ दिसते, छातीत जाणारी दिसत नाही

चंद्रपूर : दिवाळीनंतर घुग्घुस, भद्रावती, राजुरा भागात कोळशाच्या रस्त्याला लागून असलेल्या शेतातला कापूस काळसर निघतो. व्यापारी प्रत खराब सांगून भाव पाडतो. त्यामुळे धुळीची चर्चा होते ती भावापुरती, फार तर नुकसानभरपाईपुरती. त्याच शेतात दिवसभर वेचणी करणाऱ्या बाईच्या छातीत काय गेलं, हे कोणी विचारत नाही.

जिल्ह्यातली हवा खराब आहे हे नवीन नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन चौथे होते. हा नंबर मिरवण्यासारखा नाही. २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, राजुरा-कोरपना भागातले सिमेंट कारखाने आणि या सगळ्यांचा माल वाहणारे टिप्पर, ही मोठी कारणं. पण गावाचा स्वतःचा धूरही आहे. चूल, जाळलेली पऱ्हाटी, उन्हाळ्यात पेटवलेले धुरे, मोहफुलं वेचायला झाडाखाली लावलेली आग, कचऱ्यातलं प्लास्टिक. कारखान्याकडे बोट दाखवताना हेही कबूल करावं लागतं.

कपड्यावर, पानावर बसते ती जाड धूळ. ती बरीचशी नाकात, घशात अडकते; शिंका, खोकला, डोळ्याची आग होते. खरा धोका बारीक कणांचा. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा हा कण डोळ्याला दिसत नाही. तो फुप्फुसात खोल जातो, काही कण रक्तातही उतरतात. म्हणून खराब हवेने फक्त दमा वाढतो असं नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. गरोदर बाईने अशी हवा घेतली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते.

देशाच्या मानकाप्रमाणे २४ तासांची सरासरी पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि जाड धुळीच्या पीएम १० साठी १०० पेक्षा जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ आणि ४५ सांगितली आहे. रोजचा हवा निर्देशांक ‘समीर’ ॲपवर दिसतो. २०० च्या वर गेला तर हवा ‘खराब’ समजायची. पण चोवीस तास चालणारी यंत्रं चंद्रपूर शहरात आणि खुटाळा एमआयडीसीत आहेत. आकडा त्या परिसराचा असतो. शहराचा आकडा बरा आहे म्हणून कोळसा सायडिंगजवळच्या गावाची हवा बरी आहे, असं होत नाही.

थंडीत त्रास वाढतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि धूर वर जात नाही. त्यामुळे पहाटेची हवा ताजी असते ही समजूत या दिवसांत, या भागात खरी नाही. म्हाताऱ्या माणसांनी ऊन वर आल्यावरच फिरायला निघावं, तेही टिप्परच्या रस्त्याने नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा जाड धूळ अडवतो, बारीक नाही. त्यासाठी नाकाला घट्ट बसणारा एन ९५ मास्क लागतो.

सगळ्यात घातक सवय म्हणजे प्रत्येक खोकला धुळीच्या माथी मारणं. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतं, थुंकीत रक्त दिसतं, तर थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. खाणीत किंवा क्रशरवर काम केलेल्या माणसाने ते डॉक्टरला आठवणीने सांगावं, काम सोडून दहा वर्षं झाली असली तरी. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस उशिरा उघड होतो आणि अशा छातीला क्षयरोग लवकर धरतो.

दम्याच्या पंपाची सवय लागते, अशी भीती गावागावात आहे. ती खोटी आहे. पंपातलं औषध सरळ फुप्फुसात जातं म्हणून गोळीपेक्षा कमी मात्रेत काम होतं. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप स्वतःहून बंद केला की थंडीत रात्री-बेरात्री गाडी शोधायची वेळ येते. धापेमुळे एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, लहान पोराच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

तक्रार करायची तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय चंद्रपुरात आहे. ‘धूळ फार आहे’ एवढं लिहून उपयोग होत नाही. तारीख, वेळ, जागा, ताडपत्री नसलेल्या टिप्परचा नंबर, फोटो, आणि जमलं तर ग्रामसभेचा ठराव जोडावा. कारखान्याला किंवा खाणीला मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात पाणी मारणं, माल झाकणं अशा अटी असतात. त्याची प्रत माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतीचा खर्च वेगळा. कोणती अट मोडली ते तक्रारीत अटीच्या नंबरासह लिहावं, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.