श्वास आणि स्वर

१८४१ सालीं स्वीडनमधील तरुण गायिका जेनी लिंड पॅरिस येथें मॅन्युएल गार्सिया या विख्यात गायनगुरूंकडे आली, तेव्हां रंगभूमीवरील अतिश्रमानें तिचा आवाज पार बसला होता. गार्सियांनीं तिला प्रथम कांहीं आठवडे मौन पाळावयास सांगितलें. नंतर सावकाश आरोह-अवरोह आणि श्वासावर बारीक लक्ष, असा पहिल्या पाठापासून अभ्यास सुरू झाला. पुढील वर्षीं ती स्टॉकहोमला परतली आणि पुन्हां रंगभूमीवर गाऊं लागली. या अभ्यासानें कंठांत नेमकें काय घडलें, हें मात्र गुरूंनाही दाखवितां आलें नसतें. गाणाऱ्या माणसाचें स्वरयंत्र आंतून पाहण्याची खात्रीची सोयच तोंवर नव्हती.

त्यापूर्वीं शंभर वर्षें, १७४१ मध्यें, फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ आंत्वान फेरँ यांनीं मृतांच्या स्वरयंत्रांत हवा फुंकून ध्वनि काढला होता. कंठांतील दोन कडांस त्यांनीं तारांची उपमा दिली आणि श्वासास त्या वाजविणारा गज मानलें. मराठींतील ‘स्वरतंतु’ या शब्दांतही तीच प्रतिमा आहे. वस्तुतः तेथें तारा नाहींत. ओलसर, लवचीक अशा दोन घड्या आहेत.

१८५४ सालीं गार्सियांनीं दंतवैद्याचा लहानसा आरसा घशांत धरला, दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचाच कंठ पाहिला. १८५५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्यांचीं निरीक्षणें मांडलीं गेलीं. मिटलेल्या घड्या खालच्या हवेच्या दाबानें उघडतात, हवेचा एक झोत निसटतो, घड्या पुन्हां मिटतात. या झोतांच्या नियमित मालिकेंतूनच स्वर जन्मास येतो. साध्या बोलण्यांत ही क्रिया पुरुषाच्या कंठांत सेकंदास सुमारें १०० ते १२५ वेळां, तर स्त्रीच्या कंठांत सुमारें २०० वेळां घडते.

तरीही १९५० मध्यें राउल ह्यूसाँ यांनीं प्रत्येक कंप मज्जातंतूंच्या स्वतंत्र आदेशानें होतो, असें प्रतिपादन केलें. तें खरें ठरतें, तर श्वासाच्या अभ्यासास फारसा अर्थ उरला नसता. १९५८ मध्यें हॉलंडमधील यान्विलेम फान डेन बेर्ख यांनीं हवेचा प्रवाह आणि घड्यांची लवचिकता हेंच कंपाचें कारण असल्याचें सविस्तर मांडलें. शास्त्रज्ञांनीं तेंच मान्य केलें.

आजच्या स्वरोपचाराचा पाया हाच आहे. घड्या सैल मिटल्या, तर श्वास वायां जाऊन आवाज पोकळ होतो. आवळून मिटल्या, तर त्या एकमेकींवर आदळून सुजतात. फिनलंडमध्यें आंटी सोविजार्वी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत कांचेच्या नळींतून स्वर काढण्याची रीत प्रचारांत आणली. अशा नळीमुळें हवा तोंडांत किंचित् तुंबते. घड्यांच्या वरचा दाब वाढून खालच्या व वरच्या दाबांतील फरक घटतो, त्यांची टक्कर सौम्य होते आणि थोड्या बळानेंही कंप चालू राहतो. ओठ मिटून गुंजन करणें किंवा ओठ फुरफुरविणें यांचेंही तत्त्व बरेंचसें हेंच.

आवाज बसला म्हणजे शिक्षक, कीर्तनकार वा गायक सहसा अधिक जोर लावतो. त्यानें खालचा दाब वाढतो, टक्कर वाढते आणि दुखणें बळावतें. थकलेला कंठ अधिक श्वास लोटल्यानें सुधारत नाहीं. बेताच्या श्वासावर घड्यांना मोकळेपणानें हलूं दिल्यानेंच तो पूर्वपदावर येण्यास साहाय्य होतें.