फ्लीच्या अल्याड, पल्याड

नेदरलँड्सच्या नकाशात एक नाव मला फार दिवस सतावत होते. ‘पश्चिम फ्रीसलँड’ हा भाग फ्रीसलँड प्रांतात नाही; तो आहे उत्तर हॉलंडमध्ये, पाण्याच्या अलीकडे. तिथली बोली फ्रिजियन नव्हे, डच. मग नाव कसे उरले?

इ. स. 802च्या सुमारास, शार्लमेनच्या राजवटीत, फ्रिजियनांचे कायदे लिहून काढले गेले. त्यांत हा मुलूख झ्विनच्या खाडीपासून वेझर नदीपर्यंत पसरलेला दिसतो. त्याचे भाग तीन. पश्चिम आणि मधल्या भागाची हद्द होती फ्ली नावाचा प्रवाह. माझ्या मते ही सरहद्द नव्हती. दोन भावांच्या घरांमधला बोळ होता.

पुढे शेतीसाठी दलदलीतले पाणी काढले गेले, जमीन खचत गेली आणि वादळी भरत्या आत शिरल्या. 14 डिसेंबर 1287च्या महापुरात हजारो माणसे बुडाली. बोळाचा समुद्र झाला, झाउडरझे.

याच सुमारास हॉलंडच्या सरदारांचा डोळा पश्चिम फ्रीसलँडवर होता. 1256मध्ये काउंट विल्यम दुसरा होखवाउटजवळ घोड्यासकट बर्फात फसला आणि तिथल्या लोकांनी त्याला ठार केले. त्याचा मुलगा फ्लोरिस पाचवा याने 1282मध्ये बापाचे शव शोधून काढले, आणि महापुरानंतर दोनच वर्षांत, 1289मध्ये, हा प्रदेश जिंकला.

पल्याड मात्र वेगळे घडले. 1345मध्ये विल्यम चौथा जहाजांतून झाउडरझे ओलांडून गेला आणि वार्न्सच्या लढाईत मारला गेला. तिथले फ्रिजियन 1498पर्यंत कोणा सरंजामदाराच्या कायमच्या अमलाखाली आले नाहीत. ज्या पाण्याने पश्चिमेला भावापासून तोडले, त्यानेच पूर्वेला राखले, असे मला वाटते.

पण हद्द नुसती लढायांनी टिकत नाही. या किनाऱ्यावर फावड्याचा कायदा होता. आपल्या वाट्याचा बांध सांभाळणे ज्याला झेपत नसे, तो बांधात फावडे रोवून निघून जाई. ते उपसणाऱ्याला जमीन मिळे आणि बांधाची जबाबदारीही. म्हणजे मालकी कागदावर नव्हे, बांधावर ठरे.

1932मध्ये 32 किलोमीटरच्या बांधाने झाउडरझेचे तोंड बंद झाले. दोन्ही काठ पुन्हा जोडले गेले. तोवर अल्याडची भाषा गेली होती. नाव तेवढे राहिले होते.