हाऊबेर, तिरफळ आणि दवणा: कडोली परिसरातील सुगंधी वनस्पती

हाऊबेर हे हिमालयातले फळ. कुमाऊँपासून पश्चिमेकडे काश्मीरपर्यंत उंच, थंड उतारांवर त्याची काटेरी पानांची झुडपे वाढतात. संस्कृत ग्रंथांत त्याला हपुषा म्हटले आहे, युनानी हकीम त्याला अबहल म्हणतात आणि युरोपात ते जुनिपर या नावाने ओळखले जाते. बेळगावच्या उत्तरेला असलेल्या कडोलीच्या शिवारात किंवा निपाणीच्या माळावर ते कधी उगवले नाही. या भागाला ते माहीत झाले ते वैद्याच्या पुडीतून आणि काष्ठौषधीच्या दुकानातून.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हाऊबेर हे फळ नाहीच. देवदार आणि चीड यांच्या शंकूंसारखाच तो एक शंकू असतो, फक्त त्याचे खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटलेले असतात. तो पिकायला दोन ते तीन वर्षे लागतात, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवे आणि पिकलेले दाणे शेजारी शेजारी दिसतात. पिकलेला दाणा वाटाण्याएवढा, निळसर काळा असतो आणि त्यावर पांढुरकी झाक असते. टोकाला तीन रेघांची चांदणीसारखी खूण दिसते, तीच त्याची ओळख. दाणा ठेचला की टर्पेंटाइनची आठवण करून देणारा, पण त्याहून गोडसर असा वास येतो. चव आधी गोड आणि मग कडवट लागते.

चरकसंहितेत हपुषा गुल्म आणि उदर या पोटाच्या विकारांवर सांगितली आहे. गुल्मावरच्या हिंग्वादी चूर्णात हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, वेखंड आणि चित्रक यांच्याबरोबर हपुषा येते. त्याच यादीत धने, जिरे, डाळिंबाचे दाणे आणि मीठही आहे. म्हणजे चूर्णातले निम्मे पदार्थ कोणत्याही घरच्या मसाल्याच्या डब्यात सापडावेत. औषध आणि स्वयंपाक यांच्यात आज जी भिंत दिसते ती जुन्या वैद्यांनी घातलेली नव्हती, हे या एका पाठावरून कळते. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’मध्ये हपुषेचे दोन प्रकार वर्णिले. त्यांतल्या एकाचे फळ पिंपळाच्या फळासारखे असते असे तो सांगतो. पुढच्या अभ्यासकांना या वर्णनाचा मेळ घालताना बरेच कष्ट पडले.

सुगंधाच्या शास्त्राला मात्र या प्रदेशात स्वतःची परंपरा आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. आजचा बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. राजाचे जेवण, विडा, स्नानाची तेले, उटणी आणि धूप या सर्वांचे त्यात तपशीलवार विवेचन आहे. एकाच राजाच्या दिनक्रमात मसाला, औषध आणि अत्तर हे तिन्ही कसे गुंफलेले असतात, हे दाखवणारा दक्षिणेत याहून चांगला ग्रंथ नाही. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या सुगंधशास्त्रावरच्या दोन ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ‘गंधवादा’वर जुनी मराठी टीका आहे. सुगंधी द्रव्ये बनवणाऱ्यांना ही विद्या मराठीतून हवी होती, याचा तो स्पष्ट पुरावा आहे.

बाहेरची द्रव्ये बेळगावात दोन दिशांनी येत. हिमालयातला माल उत्तरेकडच्या पेठांमधून देशावर उतरे, आणि समुद्रमार्गे आलेला माल गोवा व वेंगुर्ल्याहून रामघाट, आंबोली यांसारख्या घाटांनी बैलांच्या पाठीवर वर चढे. गोव्यात तर १५६३ मध्येच गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा संवादरूप ग्रंथ छापला होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ये-जा होती, त्यामुळे दख्खनच्या हकिमांचे ज्ञान त्याच्या लेखनात आले आहे. परतीच्या वाटेने बेळगाव आणि खानापूरच्या जंगलातला हिरडा घाट उतरून बंदराकडे जाई. औषधापेक्षा कातडी कमावण्यासाठीच त्याला अधिक मागणी असे. १८८० च्या दशकात रेल्वे आल्यावर हा सगळा व्यापार रुळांवर गेला आणि घाटवाटांवरचे तांडे ओसरले.

युरोपात हाऊबेर शिकारीच्या मांसात आणि खारवलेल्या कोबीत घालतात. जिन या दारूला गंध त्याचाच असतो. मराठी स्वयंपाकघरात त्याला जागा मिळाली नाही, कारण ती आधीच भरलेली होती. उग्र वासाच्या, अख्ख्या टाकायच्या फळाचे काम इकडे तिरफळ करते. तिरफळाचे झाड कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर वाढते. त्याच्या खोडावर जाड, टोकदार काटे असतात, त्यामुळे घोस काढणे जिकिरीचे होते. पावसाळा सरता सरता हे घोस उतरवून उन्हात वाळवतात. वाळल्यावर फळ उकलते, आतली काळी चकचकीत बी टाकून देतात आणि फक्त साल ठेवतात. बांगड्याच्या कालवणात ती हलकी ठेचून घालतात. जेवताना ती बाजूला काढायची असते, चुकून चावली गेली तर जीभ बधिर होते. गोवा आणि सावंतवाडीशी असलेल्या सोयरिकींमुळे बेळगाव, खानापूरच्या घरांत तिरफळ सहज रुळले. निपाणीकडे सरकावे तसे मात्र ते कमी होते आणि कांदा-लसूण मसाल्याचे राज्य सुरू होते. त्यात संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा असतो. धने, तीळ, खोबरे यांच्याबरोबर दगडफूल, तमालपत्र, नागकेशर आणि बादियान यांचा वासही त्यात मुरतो. दगडफूल ही खरे तर खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारी दगडशेवाळ. कच्ची असताना तिला फारसा वास नसतो, तेलात परतले की तो सुटतो.

घरगुती औषधात बाळगुटीचे स्थान सर्वांत मोठे. वेखंड, सुंठ, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ असे जिन्नस एका पिशवीत ठेवलेले असत. सहाणेवर दुधाचे किंवा पाण्याचे थेंब टाकून आजी प्रत्येक जिन्नस उगाळे. प्रमाण वजनात नसे, वेढ्यांत असे: सुंठेचा एक, हिरड्याचे दोन, बाळाच्या वयाप्रमाणे आणि पोटाच्या तक्रारीप्रमाणे कमी-जास्त. वेखंडाचा वेढा नेहमी अगदी हलका ठेवला जाई, कारण ते फार तीव्र असते. बाळंतिणीला ओवा, बाळंतशोपा आणि वावडिंग मिळे, आणि तिच्या खोलीत ओवा व लसणाच्या सालींची धुरी दिली जाई. हे ज्ञान बायकांचे होते आणि ते कुणी लिहून ठेवले नाही. त्यामुळे इतिहासात वैद्यांची नावे उरली, उगाळणाऱ्या हातांची उरली नाहीत. ही उणीव मोठी आहे.

धूप आणि देवपूजेत हिमालयातले लोक हाऊबेराच्या फांद्या जाळतात. बेळगाव-निपाणीच्या या सीमाभागात देवाला सुगंध लागतो तो दवण्याचा. दवणा हे गुडघ्याएवढे रोप. बारीक कातरलेली, रुपेरी लव असलेली पाने आणि पिवळी इवलीशी फुले. वंशाने ते युरोपातल्या कडू वर्मवुडचे भावंड. त्याचा वास मात्र पिकलेल्या फळाकडे झुकणारा आणि दाट असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला पेरले तर सुमारे चार महिन्यांत ते काढणीला येते, म्हणजे ऐन चैत्राच्या तोंडावर.

या वेळेला जुना धार्मिक आधार आहे. चैत्रात देवाला दमनक म्हणजेच दवणा वाहण्याचा विधी धर्मशास्त्राच्या निबंधांत सांगितलेला आहे. १७९० च्या सुमारास पंढरपूरला काशीनाथ उपाध्यायांनी लिहिलेल्या ‘धर्मसिंधू’तही तो येतो. पण कडोलीच्या शेतकऱ्याला दवणा पोथीतून कळला नाही, जोतिबाने कळवला. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबरे उधळतात आणि देवाला दवणा वाहतात. बेळगाव, निपाणीकडचे भाविक पिढ्यानपिढ्या या यात्रेला जातात. त्याच पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर कानडी भाविक ‘दवणद हुण्णिमे’ पाळतात. भाषेवरून इतके वाद झालेल्या या पट्ट्यात एकाच तिथीला दोन डोंगरांवर एकाच रोपट्याचा सुगंध दरवळतो, आणि दोन्हीकडच्या यात्रांना एकाच घरची माणसे गेलेली आढळतात. वेणीत मरव्याबरोबर दवणा माळायची रीतही दोन्ही भाषांत सारखीच आहे. गावठी औषधात दवणा मधुमेहावर वापरतात. त्याच्या तेलाला परदेशात अत्तरे, केक आणि तंबाखूच्या स्वादासाठी मागणी आहे. त्यासाठीची लागवड मुख्यतः दक्षिण कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत वाढली. निपाणीच्या शेतकऱ्याने तंबाखू धरला आणि दवणा देवापुरताच राहिला.

एकोणिसाव्या शतकात या द्रव्यांची नव्या पद्धतीने नोंद होऊ लागली. मुंबईच्या विल्यम डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’चे तीन खंड काढले. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ने ही माहिती सामान्य वाचकाच्या घरात नेली. पदेशास्त्रींनी १९०७ मध्ये आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. बेळगावच्या शहापुरात १९३३ मध्ये आयुर्वेदाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. ती आज कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. २००६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बेळगावात केंद्र उघडले. पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था म्हणून ते आता सह्याद्रीतल्या औषधी वनस्पतींवर काम करते.

हाऊबेराला आयुर्वेदिक औषधकोशातही स्थान आहे. ते मूत्रल आहे, पण जास्त मात्रेत मूत्रपिंडाला इजा करते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते घेऊ नये. गरोदर स्त्रियांनीही ते टाळावे, आणि इतरांनी वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे.