विरलीकरण आणि रासायनिक समतोल

द्रावणात आणखी द्रावक मिसळून त्याची संहती कमी करण्याच्या क्रियेला विरलीकरण म्हणतात. पाणी वाढले तरी द्राव्याचे मोल तेवढेच राहतात, म्हणून संहती व आकारमान यांचा गुणाकार आधी आणि नंतर सारखाच भरतो. १ मोलर द्रावणापासून ०.१ मोलरचे २५० मिलिलिटर द्रावण हवे असेल, तर मूळ द्रावण २५ मिलिलिटर पिपेटने घेऊन फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरतात. संहत सल्फ्युरिक आम्ल मात्र नेहमी पाण्यात, थोडे थोडे, ढवळत ओतावे. आम्लात पाणी ओतल्यास उष्णतेने ते उसळून अंगावर येते.

एवढ्या हिशेबावर बहुतेक विद्यार्थी थांबतात. द्रावणात व्युत्क्रमी अभिक्रिया चालू असेल, तर मिसळलेले पाणी त्या अभिक्रियेची दिशाही बदलू शकते.

व्युत्क्रमी अभिक्रियेत पुरोगामी व प्रतिगामी अभिक्रियांचे वेग समान झाले की रासायनिक समतोल साधतो. अभिक्रिया तेव्हा थांबलेली नसते. दोन्ही दिशांनी ती सारख्या वेगाने चालू असल्याने संहती बदलत नाहीत. उत्पादिते व अभिक्रियाकारके यांच्या संहतींचे ठरावीक गुणोत्तर म्हणजे समतोल स्थिरांक. नॉर्वेचे गुलबर्ग व वागे यांनी १८६४ मध्ये मांडलेल्या वस्तुमान-क्रियेच्या नियमातून ही कल्पना आली. ठरावीक अभिक्रियेसाठी हा स्थिरांक फक्त तापमानानुसार बदलतो.

फेरिक आयन व थायोसायनेट आयन यांच्या संयोगाने गडद लाल रंगाचा जटिल आयन बनतो. हे लाल द्रावण परीक्षानळीत थोडे घेऊन त्यात तेवढेच पाणी घालावे आणि नळीत वरून खाली पाहावे. लाल आयनांची संख्या कायम असती, तर वरून रंग पूर्वीइतकाच गडद दिसला असता, कारण संहती निम्मी झाली तशी द्रवाची खोली दुप्पट झाली. पण रंग स्पष्ट फिकट दिसतो. याचे कारण हिशेबात आहे: प्रत्येक संहती निम्मी झाली, तरी भागाकाराच्या अंशात एकच आयन आणि छेदात दोन आहेत. त्यामुळे गुणोत्तर दुप्पट होते आणि ते पुन्हा स्थिरांकाइतके होईपर्यंत लाल आयन फुटत राहतात. ल शातलिए यांनी १८८४ मध्ये सांगितलेल्या तत्त्वाशी हे जुळते. दोन्ही बाजूंना विरघळलेल्या कणांची संख्या सारखी असेल, तर विरलीकरणाने समतोल ढळत नाही.

सौम्य आम्लांच्या बाबतीत हाच परिणाम ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये विरलीकरणाच्या नियमात सूत्रबद्ध केला. २५ अंश सेल्सिअसला १ मोलर ॲसेटिक आम्लाचे सुमारे ०.४ टक्के रेणू आयनीभूत असतात, ०.०१ मोलरमध्ये सुमारे ४ टक्के. आम्ल शंभर पट विरल झाले, हायड्रोजन आयनांची संहती मात्र सुमारे दहाच पट घटली. सौम्य आणि विरल यांची गल्लत करणाऱ्याने हे आकडे जरूर पाहावेत: कितीही विरल केले तरी ॲसेटिक आम्लाचा आयनीभवन स्थिरांक तोच राहतो, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल विरल केले म्हणून सौम्य होत नाही. ओस्टवाल्ड यांचा नियम अशा तीव्र आम्लांना लागू पडत नाही. त्यांच्या द्रावणांतील आयनांच्या परस्पर आकर्षणाचा सिद्धांत डिबाय व ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये मांडला.