कृत्रिम हात मेंदूचं ऐकतो कसा?

मळणी यंत्रात हात अडकल्याच्या बातम्या परभणी जिल्ह्याला नव्या नाहीत. पण पंजा गेला तरी मेंदूचा ‘मूठ मिट’ हा हुकूम उरलेल्या हातापर्यंत येतच राहतो. मायोइलेक्ट्रिक हात तोच पकडतो. स्नायू आकसले की त्वचेवरचे सेन्सर त्यातली सूक्ष्म वीज टिपतात, मोटर बोटं मिटते.

अडचण परतीच्या वाटेची. ग्लास निसटतोय हे असा हात सांगत नाही, सतत बघावं लागतं! 2013 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी डेन्मार्कच्या एका माणसाच्या दंडातल्या नसांमध्ये इलेक्ट्रोड बसवले. डोळे बांधूनही वस्तू मऊ की कडक, हे त्याला कळलं. चाचणीच्या सुरक्षा नियमांमुळे मात्र 30 दिवसांनी ते काढावे लागले.